दुकानदाराचं वाक्य

आमच्या मावशीला सगळी गल्ली मादाम म्हणते. ती फ्रेंच शिकवते हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं, की तिला नावानं हाक मारायची कोणाची छाती होत नाही. ती दिवसा शाळेतल्या मुलांना शिकवते, गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांना फुकट शिकवते, आणि उरलेल्या वेळात लष्कराच्या भाकऱ्या भाजते. कोणाच्या घरी आजारपण असलं, कोणाचा पाय मोडला, कोणाला सरकारी कचेरीत एकटं जायची भीती वाटली, की मादाम हजर. आपल्याला बोलावलंय की नाही, या प्रश्नात तिनं कधी वेळ घालवला नाही.

गुरुवारचा वर्ग तिनं असाच गोळा केला आहे. तिथला एकही विद्यार्थी फ्रेंचच्या ओढीनं आलेला नाही. ड्रायव्हिंग शिकवणारे ब्रेककाका पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसले होते, तेव्हा मावशीनं त्यांची भाजी आणून दिली. काका बरे झाले आणि वर्गात आले. दातांच्या डॉक्टरीणबाईंची सासू दवाखान्यात असताना मावशी तिच्या उशाशी बसली. सासू घरी परत आली आणि सून वर्गात आली. कोपऱ्यावरचे सलूनवाले कशामुळे आले ते मला माहीत नाही, पण त्यांचा चेहरा उपकाराखाली दबलेल्या माणसाचा आहे. "भाषेची आवड लागते हो लोकांना," असं मावशी मला अभिमानानं सांगते आणि मी मूग गिळून बसते.

तिची शिकवायची एकच पद्धत आहे. पुस्तक बंद करायचं आणि संवाद करायचा. एकानं गिऱ्हाईक व्हायचं, एकानं दुकानदार. एकानं प्रवासी, एकानं तिकीट देणारा. "माणूस जन्माला येताना वाक्यं घेऊन येत नाही," ती म्हणते, "ती आधी पाठ करून ठेवावी लागतात. वेळेवर सुचत नसतं काही." समाजसेवेतही तिनं हीच पद्धत घुसवली. घरमालकाशी छताच्या गळतीबद्दल बोलायचंय? नोकरी सोडतोय हे वडिलांना सांगायचंय? मग आधी मादामकडे तालीम करायची. समोरचा माणूस मादाम स्वतः होणार, आणि अगदी मन लावून होणार. एकदा ती घरमालक म्हणून इतकी खडूस वागली, की खरा घरमालक भेटल्यावर त्या भाडेकरूला तो देवमाणूस वाटला.

या पद्धतीचा पहिला बळी माझी आई. मावशी फ्रेंचच्या परीक्षेचा अभ्यास करत होती तेव्हा आई शाळेत होती. दोघींची खोली एक. मावशीला बोलायच्या परीक्षेची तयारी करायला समोर कोणीतरी हवं होतं, म्हणून आईला रोज पावाच्या दुकानाची मालकीण केलं जायचं. इस्त्रीचं टेबल म्हणजे दुकान. आईला दोन ओळी पाठ करून दिल्या होत्या, त्यातली पहिली होती "बोंझूर मादाम, वू देझिरे?" म्हणजे "नमस्कार बाई, काय हवंय आपल्याला?" पुढचं सगळं बोलणं मावशीचं. आईला एकदा तरी गिऱ्हाईक व्हायचं होतं. "गिऱ्हाईकाला जास्त बोलावं लागतं, तुला नाही जमणार," असं म्हणून मावशीनं ते कधी होऊ दिलं नाही. आई हे अजून बोलून दाखवते. दुसरी ओळ ती विसरून गेली, राग तेवढा पाठ आहे.

गेली काही वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण ते यामुळे नव्हे. ते आजीमुळे.

तीन वर्षांपूर्वी आजी गेली, हॉस्पिटलमध्ये, वरच्या मजल्यावर, भर दुपारी. आई तिच्याजवळ होती. मी होते. मावशी नव्हती. मी तिला शोधायला खाली धावले तर ती पहिल्या मजल्यावर सापडली. बुधवार होता. दर बुधवारी ती स्वयंसेवकाचं पिवळं जॅकेट घालून हॉस्पिटलात फिरते आणि ज्या पेशंटकडे कोणी येत नाही त्याच्याजवळ बसते. तशी ती एका रखवालदाराच्या आईचा हात हातात घेऊन बसली होती आणि तिला सांगत होती, "घाबरायचं नाही, मी आहे ना इथं." मी तिला ओढत वर आणलं तोपर्यंत सगळं संपलं होतं.

आई तेव्हा रडली नाही. मावशीच्या पिवळ्या जॅकेटकडे बघत म्हणाली, "ताई, तुला परक्यांच्या आया बऱ्या." त्यानंतर दोघींमध्ये जे काही बोलणं झालं ते माझ्यामार्फत. "तुझ्या आईला सांग", "तुझ्या मावशीला सांग". टपालाचं काम करून मी थकले, आणि टपालवाल्याला निदान पगार असतो.

या वर्षी आईचा गुडघा बदलायचं ठरलं. डॉक्टरांनी तारीख दिली त्या दिवशी आई टॉवेलांच्या घड्या घालता घालता मला म्हणाली, "हे बघ, तुझ्या मावशीला यातलं काही कळवू नकोस."

"नाही कळवत."

"सोमवारी ऑपरेशन आहे हे सांगू नकोस."

"बरं."

"बुधवारपासून भेटायला सोडणार आहेत. दुसरा मजला. मी खिडकीकडची कॉट मागून घेतलीय. हे तिला कळायचं काही कारण नाही."

"तिला पार्किंग कुठे मिळेल तेही नको ना सांगायला?"

आईनं टॉवेल माझ्या अंगावर फेकला. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घराण्यात जुनी रीत आहे. मी त्याच संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं, कॉटसकट.

  मावशी फोनवर एवढंच म्हणाली, "गुरुवारी वर्गाला ये."

गुरुवारी मी वाचनालयाचा जिना चढून वर गेले. ब्रेककाका, डॉक्टरीणबाई आणि सलूनवाले लहान मुलांच्या खुर्च्यांमध्ये अंग चोरून बसले होते. मावशीनं टाळी वाजवली आणि जाहीर केलं, की आज नवा संवाद. एक बहीण दुसऱ्या बहिणीला भेटायला हॉस्पिटलात जाते. फ्रेंचमध्येच करायचा, मराठी शब्द आला की पहिल्यापासून. भेटायला जाणारी बहीण ती स्वतः. आजारी बहीण ब्रेककाका.

ब्रेककाकांनी टेबलावर पाय लांब करून डोळे मिटले. मावशी दारातून आत आली. नेहमी खोलीत शिरताच खोली भरून टाकणारी ही बाई त्या दिवशी उंबऱ्यावर दोनदा अडखळली. ती फ्रेंचमध्ये काहीतरी मऊ आवाजात बोलली. नंतर विचारलं तेव्हा कळलं, ती म्हणाली होती, "मी तुला भेटायला आले आहे. मी आत येऊ का?"

आता घोडं अडलं. या वर्गाला येतात एकूण तीन प्रसंग, पावाचं दुकान, रेल्वे स्टेशन आणि हॉटेल. आजारी माणसाला द्यायचं उत्तर कोणीच शिकलेलं नव्हतं. ब्रेककाकांनी एक डोळा उघडला, छताकडे बघितलं आणि जे येत होतं ते ठणकावून दिलं. डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून हसायला लागल्या.

"काय म्हणाले?" मी त्यांना हळूच विचारलं.

"खोल्या भरल्या आहेत म्हणाले."

मावशीनं धीर सोडला नाही. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं. काका घामाघूम झाले आणि स्टेशनवर गेले. या वेळी ते जे म्हणाले त्यावर डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मावशी मात्र टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"आता काय?" मी विचारलं.

"गाडी गेली, असं म्हणाले."

काकांनी पाय खाली घेतले. "मादाम, मला तेवढंच येतं हो," ते मराठीत म्हणाले, आणि पहिल्यांदाच मराठी बोलल्याबद्दल कोणी त्यांना रागावलं नाही.

वर्ग लवकर सुटला. सलूनवाल्यांनी जाता जाता मावशीला फ्रेंचमध्ये शुभेच्छा दिल्या. म्हणजे "प्रवास सुखाचा होवो" असं म्हणाले. आम्ही दोघी खुर्च्या लावत राहिलो. मग मावशीनं एक खुर्ची मध्ये ठेवली आणि मला म्हणाली, "बस. तू तुझी आई हो. मराठीतच कर."

"मावशी, असू दे ना."

"बस म्हणते ना."

मी बसले. पाय लांब केले. आई कशी करेल ते मला शोधावं लागलंच नाही. मावशी समोर येऊन "ठमे" म्हणाली, आईला ती लहानपणापासून हेच म्हणते. मी मान वळवून आईच्या आवाजात म्हटलं, "कोणाकडे आलीस ताई? पलीकडच्या पेशंटकडे?"

मी हे म्हणायला नको होतं. पण तालीम म्हणजे तालीम, आणि मावशीनंच आम्हाला शिकवलंय की समोरच्या माणसाला सूट द्यायची नाही. ती दुसऱ्या खुर्चीवर बसली. बराच वेळ चष्मा पुसला.

"परक्या माणसाच्या उशाशी बसले ना, की मला सगळं सुचतं गं," ती म्हणाली. "काय बोलायचं, कधी हात धरायचा, कधी गप्प बसायचं. सगळं पाठ आहे. त्या दिवशी मी आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. दोनदा गेले. आत बघितलं, आणि एक वाक्य सुचेना. सगळ्या गावाला शिकवते, आणि मला माझ्या आईशी काय बोलायचं ते येत नव्हतं. म्हणून खाली गेले. खाली मला येत होतं."

हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. मला तिचा राग आला. तीन वर्षं मी दोघींची टपालं वाहिली, त्यात हे एवढं एक पत्र तिनं टाकलं असतं तर?

"हेच सांग आईला," मी म्हटलं. "अगदी असंच."

"असंच? पाठ न करता?" मी टॉवरवरून उडी मारायला सांगितल्यासारखं मावशीनं माझ्याकडे बघितलं.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात एकटीच बोलत होती. "आलीस? ये. नाही, 'ये' नको म्हणायला. आलीस? बरं. नुसतं बरं." मी दारात दिसताच तिनं नळ जोरात सोडला आणि विचारलं, "काय बघतेस?" दोघी एकाच खोलीत वाढल्या, त्याचा परिणाम.

सोमवारी ऑपरेशन नीट झालं. बुधवारी सकाळी आई तिच्या खिडकीकडच्या कॉटवर उशीला टेकून बसली होती. केस विंचरून घेतले होते, आणि ते मला दोनदा विंचरायला लावले होते. कॉटजवळ पाहुण्यांसाठी एकच स्टूल. मी बसायला गेले तर आई म्हणाली, "तिथं माझी पिशवी आहे ना."

"खाली ठेवते पिशवी."

"राहू दे तिथंच. मला हाताशी लागते."

मी उभी राहिले. नर्स म्हणाली, "अहो, बसा की." मी म्हटलं, "पिशवी बसलीय." तासाभरानं पुन्हा विचारलं तर आई म्हणाली, "तरुण वयात एवढे पाय कसे दुखतात तुझे?" ज्या बाईचा गुडघा नुकताच बदललाय तिच्याशी पायांवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी भिंतीला टेकले.

खोलीत दुसरी एक कॉट होती, मध्ये अर्धवट ओढलेला पडदा. पलीकडे पोस्टात काम करणाऱ्या एक गुबगुबीत बाई होत्या, पाय मोडलेला, स्वभाव ठणठणीत. सकाळपासून त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली होती. भाऊ आले, भावजय आली, ऑफिसातली माणसं आली. जगात कोणाला स्वयंसेवकाची गरज नव्हती तर ती या बाईंना.

दुपारी भेटायची वेळ संपत आली. आई घड्याळाकडे बघत नव्हती, फार मेहनत घेऊन बघत नव्हती. आणि दारात पिवळं जॅकेट दिसलं.

मावशी. चेहरा पांढरा, ओठ हलताहेत. वाक्य पाठ करत आली होती, हे मला लांबूनच कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आईनं तिच्याकडे बघितलं. मावशी एक पाऊल पुढे आली. आणि मग तिचे पाय वळले. हो, वळले, आणि ती सरळ पडद्यापलीकडे पोस्टातल्या बाईंच्या कॉटशी जाऊन उभी राहिली.

मी डोळे मिटून घेतले. पुन्हा तेच. अगदी तेच, तेच जॅकेट घालून.

"कशा आहात?" पडद्यामागून मावशीचा आवाज आला.

"मस्त!" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "आपण?"

"फार दुखतंय का?"

"नाही हो. बिस्कीट घेता?"

"मी आधीच यायला हवं होतं," मावशी म्हणाली. 

"आधी? अहो, मी कालच पडले."

"मी दारापर्यंत येऊन परत गेले. मला काय बोलावं ते सुचलं नाही. मला भीती वाटली. मला तुमची, मला तुझी... तुझा राग बरोबर होता."

 पोस्टातल्या बाई अगदी समजूतदारपणे म्हणाल्या, "मी नाही हो रागावले. आपली ओळखच कुठं आहे?"

मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. डोळे भरले होते, आणि ओठांचा कोपरा मात्र थरथरत होता. ती हसू दाबतेय की रडू, ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. तिनं पांघरूण नीट केलं. घसा साफ केला. आणि दुकानात बसलेल्या लहान मुलीच्या आवाजात, खणखणीत, पडद्याच्या दिशेनं म्हणाली,

"बोंझूर मादाम! वू देझिरे?"

पलीकडे काहीतरी पडलं, बहुतेक बिस्किटाचा डबा. पडदा सरकला. मावशी कॉटच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. हा संवाद तिनं हजार वेळा शिकवला असेल, ब्रेककाकासुद्धा झोपेत म्हणून दाखवतील.

"तुझं वाक्य आहे, ताई," आई म्हणाली. "गिऱ्हाईकाला जास्त बोलावं लागतं ना?"

"विसरले," मावशी म्हणाली, आणि रडायलाच लागली. ओठ घट्ट मिटून, लहान मुलांसारखी.

"काय म्हणाल्या त्या?" पोस्टातल्या बाईंनी मान उंचावून मला विचारलं.

"काय हवंय, असं विचारतेय आई."

"मग सांगा की त्यांना!" त्या मावशीला म्हणाल्या.

मावशीनं जॅकेटच्या बाहीला डोळे पुसले. मग ते जॅकेट काढून हातावर घेतलं. आतला तिचा ब्लाउज चुरगळलेला होता, एरवी ती तसा कधी घालत नाही.

"बसू?" तिनं विचारलं. एवढंच.

 आईनं मावशीचं चुरगळलेलं सगळं रूप एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, तीन वर्षांचं बघणं बाकी होतं. मग माझ्याकडे न बघता हात झटकला.

"ती पिशवी उचल गं. उभी किती वेळ ठेवणार आहेस मावशीला?"

मी पिशवी उचलली. हाताला लागेना इतकी हलकी होती. मावशी स्टुलावर बसली, स्टूल पुढे ओढलं आणि आईचा हात धरला.  मी पिशवीत डोकावून बघितलं. आत काहीच नव्हतं, साधा रुमालसुद्धा नाही. मग मी तीच हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिले. सकाळपासून उभं राहायची आता सवय झाली होती.